‘तिसरी किल्ली’: वेलांटी, पेटी आणि लांबलेला शेवट

शूट दिवाळीच्या सुट्टीतच उरकलं, पण ‘तिसरी किल्ली’ अजून माझ्या एडिटिंगच्या टाइमलाइनवरच पडून आहे. नऊ मिनिटांची थ्रिलर, दोन पात्रं, कॉट बेसिसवरची एक खोली. कटिंग बऱ्यापैकी जमतं मला. टायटल आणि संगीताला मात्र पहिल्यांदाच हात घातला.

टायटल आधी घेतलं, कारण ते सोपं वाटलं. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत टेक्स्ट प्लस हे टायटलचं टूल टाकलं, नाव टाइप केलं, तर ‘कि’ची वेलांटी क च्या उजवीकडे आणि ‘ल्ली’चा पाय मोडलेला. फॉन्ट बदलण्यात तासभर गेला. दोष फॉन्टचा नव्हताच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते. ती डावीकडे आणून बसवायची आणि जोडाक्षर बांधायचं काम सॉफ्टवेअरचं, आणि माझ्याकडचं जुनं व्हर्जन ते करत नव्हतं. शेवटी इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मुक्ता फॉन्टात नाव लिहिलं आणि पाठ पारदर्शक ठेवून त्याची पीएनजी इमेज काढली. रुंदी ३८४० पिक्सेल. टाइमलाइन १९२० पिक्सेल रुंदीची असल्याने हळू झूम केला तरी कडा फुटत नाहीत.

इंग्रजी थ्रिलरसारखी अक्षरं लांब लांब ठेवायचा मोहही झाला. शिरोरेषेचे तुकडे पडले! मग उलटं केलं: आधी नुसती शिरोरेषा डावीकडून उजवीकडे सरकते, २० फ्रेममध्ये, आणि मग अक्षरं तिच्याखाली उतरतात. आतापर्यंतच्या कामात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

संगीतासाठी आधी फुकटचे ट्रॅक धुंडाळले. एक मस्त सापडला, पण लायसन्समध्ये एनडी, म्हणजे ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’, रूपांतराला मनाई. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सच्या नियमांत संगीत चित्राबरोबर जुळवून लावलं की ते रूपांतर धरलं जातं, आणि एनडीमध्ये रूपांतर प्रसिद्ध करता येत नाही. ट्रॅकला कात्री न लावताही! हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं.

मग घरमालकीण काकूंकडे गेलो.
“काकू, पेटी दोन तास मिळेल का?”
“काय वाजवणार?”
“एकच सूर.”
“मग दोन तास कशाला?”

काळी एकचा खालचा सूर धरून मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग पाव केला. सूर दोन सप्तकं खाली गेला, आणि भात्याचा फसफस आवाज चक्क दाराआड कोणीतरी श्वास घेतंय असा वाटायला लागला. हेडफोनवर अंगावर काटा. फोनवर लावलं तर शांतता! साधारण १३८ हर्ट्झचा सूर ३४ वर आला होता, आणि तेवढा खालचा आवाज फोनच्या स्पीकरला झेपत नाही. आता मूळ सुराची बारीक आवाजातली कॉपी खाली जोडलीय.

खरी चूक वेगळीच होती. नायिकेला किल्ली दिसण्याच्या पाच सेकंद आधीच मी सूर सुरू करत होतो, म्हणजे प्रेक्षकाला आधीच कळतं की काहीतरी होणार. तीन वेळा जागा बदलली. आता सूर दृश्याच्या सुरुवातीपासून, पंख्याच्या घरघरीत मिसळून चालतो आणि किल्ली दिसते त्या फ्रेमवर तुटतो. उरतो फक्त पंखा. हे बरोबर वाटतंय.

श्रेयनामावली सरकताना थरथरत होती. प्रत्येक फ्रेमला पूर्ण पिक्सेल सरकवले की थांबते, म्हणून तीन धरले. नावांची पट्टी २१६० पिक्सेल उंच, अधिक पडद्याचे १०८०, एकूण ३२४०. म्हणजे १०८० फ्रेम, सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने ४५ सेकंद. दिग्दर्शक मित्र म्हणाला, “अरे, आठ जणांची नावं आहेत, लग्नपत्रिका नाही!” रोल काढून टाकला, चार स्थिर कार्डं, प्रत्येकी तीन सेकंद.

‘पेटी’ पहिल्याच कार्डावर आहे. काकूंना काल तो तुकडा ऐकवला. पूर्ण ऐकून म्हणाल्या, “ही माझी पेटी नाहीच. आणि भात्याला भोक पडलंय वाटतं.”