एकावन्नची पाटी

११ जुलै, स्यूअर्ड, अलास्का

रात्रीचे साडेदहा वाजलेत, तरी खिडकीशी बसून दिवा न लावता लिहिता येतंय. आई दमून झोपली.

सकाळी बोटीने रेझरेक्शन बेमधून बाहेर पडलो. कीनाय फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानात रस्ता पोचतो तो एकाच हिमनदीपाशी, बाकीचं सगळं समुद्रातूनच बघायचं. बंदरातच एक समुद्री पाणमांजर उताणं तरंगत होतं, पुढचे पंजे छातीवर जोडून. पुढे खडकांवर समुद्रसिंह, पफिन पक्षी. आणि मग हंपबॅक देवमासा! आधी नुसती पाठ दिसली, मग शेपूट वर आलं आणि पाणी निथळत सावकाश आत गेलं. आईचं माहेर हर्णैचं, समुद्र तिला नवा नाही. तिने हात जोडले.

आयालिक हिमनदीसमोर बोटीचं इंजिन बंद केलं. मैलभर रुंद निळसर कडा थेट पाण्यात उतरलेला. भोवती बर्फाचे तुकडे, त्यांतल्या काहींवर सील पहुडलेले. सगळे गप्प झाले आणि तेव्हा पाण्यातून बारीक चुरचुर ऐकू यायला लागली, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. बर्फात कोंडलेली जुनी हवा फुटून बाहेर पडते, त्याचा तो आवाज. बोटीवरच्या मुलीने जाळीने एक तुकडा काढून आईच्या हातात दिला. काचेसारखा स्वच्छ, आत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे. आईने तो कितीतरी वेळ कानाशी धरला. बोटं लाल झाली तरी सोडेना.

तेवढ्यात कड्याचा एक भाग निसटला. पडताना दिसला आधी, गडगडाट मागून आला. बोटीवर सगळे ओरडले, मीसुद्धा. समुद्रात उतरलेली हिमनदी अशी तुटतेच, तो तिचा स्वभाव आहे. मला ते फार भव्य वाटलं, अजूनही वाटतंय.

संध्याकाळी उजेड होता म्हणून एक्झिट ग्लेशियरला गेलो. तो रस्त्याचा एकुलता एक मुक्काम. ही हिमनदीही वरच्या हार्डिंग हिमक्षेत्रातूनच येते, पण जमिनीवरच संपते. वाटेवर पाट्या आहेत, नुसते आकडे लिहिलेल्या. त्या त्या साली बर्फ कुठवर होता, त्या जागा. पहिल्या पाट्या गाडीतूनच मागे पडल्या. मग १९५१ आली. आईचं जन्मसाल. ती पाटीला हात लावून उभी राहिली. आजूबाजूला झाडं, पानांतून वारा. बर्फ कुठे दिसतोय म्हणून ती मान उंच करून बघत होती.

"इथवर होता?"

"हो, तुझ्या जन्माच्या वेळी."

ती काही बोलली नाही. पुढे चालत राहिलो. २००५ गेली. २०१० च्या पाटीशी माझा लेक थांबला, तो त्याच साली जन्मला. तिथेही बर्फ नव्हता. उघडा राखाडी खडक, त्यावर हिमनदीने ओढलेले लांबच लांब ओरखडे, आणि बर्फ पार वर, दूर. दुपारच्यासारखा गडगडाट नाही, काही नाही. नुसतं पाणी वाहत होतं. दुपारी ओरडलेली मी तिथे आवाज काढू शकले नाही.

परतताना आईने १९५१ च्या पाटीपर्यंत पावलं मोजू या म्हणून हट्ट धरला. गुडघे दुखतात तिचे, मी नको म्हटलं. लेक तिचा हात धरून पुन्हा वर गेला आणि दोघं मोजत मोजत खाली आली. आकडा त्याने त्याच्या वहीत लिहिलाय. मी अजून विचारला नाही.