तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकला बसून समुद्र रंगवता, तोही मातकट?

समुद्राचं चित्र भिंतीवर लागलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. नाशकात कुठला आलाय समुद्र? आणि रंगवायचाच होता तर निळा का नाही रंगवला? गोदाघाट रंगवला असता तर कुणी काही विचारलं नसतं. शिवाजी तुपे यांच्या जलरंगांपासून घाट हा इथल्या चित्रकारांचा घरचाच विषय आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच. त्या चित्रातला समुद्र नाशिक जिल्ह्यातल्या मातीने रंगवलेला आहे.

त्र्यंबकच्या डोंगरांवर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. पूर्वेकडचा गोदावरीत उतरतो आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेकडचा वैतरणेतून अर्नाळ्याजवळ अरबी समुद्रात जातो (वाटेत त्यातलं बरंच पाणी मुंबई पिते, हा भाग वेगळा). दिंडोरी-पेठकडचं पाणी दमणगंगा दमणला नेते. पाण्याबरोबर मातीही जाते. जव्हारमार्गे डहाणूला उतरलात तर समोरचं पाणी तपकिरी-करडं दिसतं. ती घाण नसते. किनारा उथळ, वर खंबातच्या आखातात नर्मदा-तापीसारख्या नद्या गाळ आणून टाकतात आणि दिवसातून दोनदा भरती-ओहोटी तो गाळ तळातून ढवळून काढते. असा समुद्र ट्यूबमधल्या निळ्याने रंगवला तर चित्र सुंदर होईल, पण ते डहाणूचं राहणार नाही.

आता रंगाची कृती, कारण पुढचा प्रश्न हाच असतो.

माती लाल किंवा तांबूस घ्यावी, पेठ-त्र्यंबक भागातली. शेतातली काळी माती मोहात पाडते, पण तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तशाच त्या कागदावरच्या थरालाही पडतात. काळीच हवी असेल तर आधी लोखंडी तव्यात चांगली भाजावी. लोह तापून रंग लालसर तपकिरी होतो आणि फुगणं बरंच कमी होतं. नदीपात्रातला गाळ शहराच्या खालच्या अंगाचा नकोच. त्यात सांडपाणी असतं, वासही जात नाही.

वरची वीतभर माती बाजूला करून अर्धा किलो घ्या, म्हणजे मुळं आणि कुजका पाला कमी येतो. ढेकळं फोडून पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी वर तरंगणारा कचरा काढून टाका, जोरात ढवळा, अर्धा मिनिट थांबा आणि गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. तळाला बसते ती वाळू. ती फेका. असं तीन-चारदा करून शेवटचं पाणी मलमलीतून गाळा आणि दोन दिवस अजिबात हलवू नका. वरचं नितळ पाणी हळूच ओतून देऊन खालचा साका ताटात सावलीत वाळवा. अर्ध्या किलोतून मूठ-दोन मुठी रंग मिळतो. इथे घाई केली की पुढे कितीही घोटा, ब्रशखाली खर लागते.

डिंक हा ह्या कामातला सगळ्यात चुकणारा भाग. लाडवासाठी घरात असलेला डिंक पुष्कळदा धावड्याचा असतो. तो पूर्ण विरघळत नाही, जेलीसारख्या गाठी राहतात. चित्रकलेच्या दुकानातला गम अरेबिक किंवा स्वच्छ निवडलेला बाभळीचा डिंक घ्यावा. एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, रात्रभर ठेवून सकाळी फडक्यातून गाळायचा. अशा चार भाग द्रावणात एक भाग मध आणि दोन-चार थेंब लवंगेचं तेल. मधामुळे रंग वाळून दगड होत नाही, लवंगेमुळे बुरशी लांब राहते. माती आणि हे द्रावण साधारण समसमान घेऊन काचेवर घोटायचं. घोटणी नसेल तर सपाट बुडाचा जाड काचेचा ग्लास चालतो. वीस मिनिटं तरी घोटा, काचेवरचा करकर आवाज बंद होईपर्यंत.

मग कागदावर एक पट्टा मारून पूर्ण वाळू द्यायचा आणि बोट फिरवायचं. बोटाला रंग लागला तर डिंक कमी. पट्टा चमकला किंवा तडकला तर डिंक जास्त. डबीत भरताना थर पातळ द्यावेत, एक वाळला की दुसरा. नाशिकचा एप्रिल इतका कोरडा असतो की एकदम भरलेली वडी मधोमध फुटते. म्हणून मध वाढवावा, तर जुलैत तीच वडी चिकट होऊन तिच्यावर पांढरी बुरशी धरते. दोन ऋतूंना दोन प्रमाणं ठेवणं बरं: उन्हाळ्यात थोडा जास्त मध, पावसाळ्यात कमी.

हा रंग समुद्रासाठी का चालतो, तेही सांगते. मातीचे कण कारखान्यातल्या रंगापेक्षा जाडे असतात, ते कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि पातळ वॉशमध्ये, म्हणजे पाणीदार रंगाच्या पसरलेल्या थरात, दाणेदार पोत येतो. बोर्ड पंधरा-वीस अंश तिरका धरला की ते दाणे खाली सरकत जातात. ओल्या वाळूवरून लाट मागे जाते तेव्हा ती नेमकी हेच करते. ब्रशने तो परिणाम काढायला गेलात तर मेहनत दिसते, वाळू दिसत नाही.

समुद्राचं पाणीच वॉशला वापरलं तर? कल्पना छान, परिणाम वाईट. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते कागदात राहतं आणि दर पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेतं, मग फ्रेमच्या आत डाग आणि बुरशी. गोड पाणी वापरा.

कागद ३०० जीएसएमचा, सुती. फेसासाठी पांढरा रंग लावू नका, कागद कोरा सोडा आणि कडा कोरड्या ब्रशने फोडा. एवढं पुरे.

खरी अवघड गोष्ट रंगाची नाहीच, डोळ्याच्या उंचीची आहे. माणूस आणि समुद्र यांचं नातं दाखवायचं म्हणून लोक चित्रात एकटी पाठमोरी आकृती उभी करतात आणि काम झालं समजतात. नातं ठरतं ते क्षितिजरेषा त्या आकृतीला कुठे कापते त्यावर. क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतं. तुम्ही सपाट किनाऱ्यावर उभे असाल तर तुमच्याच उंचीच्या प्रत्येक माणसाचे डोळे त्याच रेषेवर येतात, तो दहा पावलांवर असो की दोनशे. वाळूत बसून चितारलं तर हीच माणसं रेषेच्या वर निघतात, आभाळात घुसतात आणि समुद्र त्यांच्या कमरेखाली येतो. एखाद्या किल्ल्याच्या बुरुजावरून चितारलं तर समुद्र त्यांना पूर्ण गिळतो. म्हणजे कोण मोठं, हा निर्णय आकृती काढण्याआधीच झालेला असतो. फोटोवरून काम करणाऱ्यांची गल्लत इथे होते: माणसं एका फोटोतून, क्षितिज दुसऱ्यातून. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र तरंगतंय हे कळतं. तसं हे क्षितिज फार लांबही नसतं. डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतील तर ते साडेचार किलोमीटरच्या आतच येतं. लांबच्या जहाजाचा खालचा भाग त्यापलीकडे बुडालेला असतो, तो काढायचा नाही.

वेळ बघून जायचं असेल तर कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. चित्रासाठी ओहोटी जास्त कामाची, कारण तेव्हा भरतीच्या रेघा उघड्या पडतात. वरची रेघ उधाणाची, खालच्या रोजच्या. त्या रेघेत शिंपले आणि लाकडाच्या जोडीला जाळ्यांचे तुकडे, थर्मोकोल, चपला, निर्माल्याच्या पिशव्या असतात. बरेच जण ते प्लास्टिक उचलून कॅनव्हासला चिकटवतात. मला ते पटत नाही. उन्हाने ते ठिसूळ होतं, गळतं आणि चित्राऐवजी पोस्टर उरतं. त्यापेक्षा ती रेघ शाईने बारीक काढावी, वस्तू ज्या क्रमाने पडल्यात त्याच क्रमाने, आणि मातीचा वॉश तिच्यावरून जाऊ द्यावा. शाई मात्र पाण्याने न फुटणारी हवी.

वॉश नाशकात आणि किनाऱ्यावर सारखा वाळत नाही. इथे मार्च-एप्रिलच्या दुपारी पहिली कडा दुसरी जोडण्याआधीच पकडते. कागदाची पाठ भिजवून घ्यावी, काम सकाळीच उरकावं. डहाणूला उलट होतं. खालचा थर आतून ओला असतानाच वरचा चढवला तर माती उचलली जाऊन चिखल होतो. हाताची पालथी बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर थांबा.

निळा अजिबात नको का, असंही विचारतात. हवा ना. तारकर्लीचं पाणी स्वच्छ असतं तेव्हा मातीने ते निघणारच नाही, तिथे कोबाल्टच काढावा लागतो. डहाणूच्या पाण्यातही चिमूटभर अल्ट्रामरीन लागतं, पण ते आभाळाच्या प्रतिबिंबापुरतं, आणि मातीचा थर पूर्ण वाळल्यावर.