काहिलीपासून अत्तराच्या भांड्यापर्यंत : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा फॅब्रिकेशनचा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आण्णांचं शेड होतं. गुऱ्हाळाच्या काहिली (उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढया), दुधाच्या टाक्या, छोटे बॉयलर, असली कामं. घरात सुवास म्हणाल तर देवघरातल्या उदबत्तीचा, बाकी सगळा वेल्डिंगचा वास. तळकोकणातल्या एका बागायतदाराने कागदावर रेघोट्या ओढून आणल्या आणि सुगंधी तेल काढायचं भांडं करून मागितलं, तेव्हा आण्णांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "ही तर झाकणाची काहील हाय की रं." भांडं तयार झालं, चालू करून द्यायला मी सोबत गेलो आणि तिथंच या धंद्याने मला धरलं.

काय बघितलं ते सांगतो. भांड्यात खाली जाळी, जाळीवर ठासून भरलेला गवती चहा आणि जाळीखालून वाफ. वरच्या नळीतून वाफ कंडेन्सरमध्ये जाते, गार पाण्याच्या वेटोळ्यात तिचं पाणी होतं आणि ते सेपरेटरमध्ये पडतं. तिथं पाण्यावर पिवळट तेलाचा थर चढत जातो. गंमत अशी, की गवती चहाला वास देणारं जे मुख्य द्रव्य, सिट्रल, ते एकटं उकळायला साधारण २२९ अंश लागतात. पण पाण्याच्या वाफेसोबत ते शंभराच्या आतच उडून येतं, कारण दोघांच्या वाफेचा दाब मिळून हवेच्या दाबाला पुरा पडतो. म्हणून पानं जळत नाहीत आणि वास टिकतो. हे शास्त्र मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त वास कळला.

पुढे कन्नौजला जाऊन आलो. तिथं १९९१ पासून सुगंध आणि स्वाद उद्योगाचं केंद्र आहे, प्रशिक्षण मिळतं. पण केंद्रापेक्षा जास्त शिकलो ते गल्लीतल्या अत्तराच्या कारखान्यांत. फुलं उकळायचा तांब्याचा डेग, त्यावर मातीने लिंपलेलं झाकण, वाफ न्यायला बांबूचा चोंगा आणि ती गोळा करायला पाण्यात बुडवलेला भपका. भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं, फुलांचा वास त्यात मुरत जातो. ना गेज, ना थर्मामीटर. कारागीर भपक्याला हात लावून आच कमी-जास्त करायला सांगतो. मला एकदम आपले गुळवे आठवले. परत आल्यावर आम्ही पहिला माणूस नेमला तो इंजिनिअर नव्हता. आयुष्यभर गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढे बसलेले एक मामा होते. आच कधी ओढायची, कधी सोडायची, हे त्यांना सांगावं लागलं नाही. तेल काढून झालेलं गवत वाळवून तेच जाळायचं, ही पद्धतही त्यांनी पहिल्या आठवड्यातच लावली. गुऱ्हाळात चिपाड जाळतात तशीच.

पन्हाळा आणि गगनबावड्याकडच्या माळरानांवर, जिथं उसाला पाणी नाही आणि भुईमुगाला डुकरं ठेवत नाहीत, तिथं शेतकऱ्यांना गवती चहा लावायला लावला. औषधी-सुगंधी वनस्पतींवर काम करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेची 'कृष्णा' जात निवडली. गवे रानातून उतरतात, गवत तुडवतात, पण खात नाहीत. एकदा लावलं की चार-पाच वर्षं तेच ठोंब कापत राहायचं. मात्र हिशेब ऐकून नवा शेतकरी गप्प होतो. एक टन ओल्या गवतातून तीन-चार किलो तेल निघतं. कापून अर्धा दिवस सुकू दिलं तर भांड्यात जास्त मावतं आणि जळणही वाचतं. भरताना पायाने तुडवून सारखं भरावं लागतं. कुठं पोकळ राहिलं तर वाफ तिथूनच वाट काढते आणि बाजूचं गवत नुसतं उकडून निघतं. आमच्याकडे भांड्यात उतरून तुडवणारी दोन पोरं आहेत. संध्याकाळी एस.टी.त बसली की अख्खी गाडी चहाची तल्लफ आल्यासारखी वळून बघते.

तेल म्हणतात खरं, पण हे खोबरेल-शेंगतेलासारखं तेल नव्हे. येणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून दाखवतो. गवती चहाचा, निलगिरीचा थेंब थोड्या वेळाने उडून जातो, डाग राहत नाही. तेलकट डाग राहिला तर त्यात कुणीतरी खाद्यतेल ढकललंय. (चंदन आणि वाळा याला अपवाद, ते जड असल्यामुळे सावकाश उडतात.) हे झालं घरगुती. घाऊक व्यापाऱ्याला जीसी रिपोर्ट (तेलात कुठलं द्रव्य किती ते सांगणारा प्रयोगशाळेचा अहवाल) लागतो, कारण भाव सिट्रलच्या टक्क्यावर ठरतो. चांगल्या तेलात ते सत्तर-ऐंशी टक्के असतं. साबण, फिनाईल आणि 'अ' जीवनसत्त्व बनवणाऱ्या रसायन उद्योगापर्यंत ते जातं. अरोमाथेरपीच्या, म्हणजे सुगंधी तेलांनी करायच्या उपचाराच्या, छोट्या बाटल्यांत जाणारा माल आमच्या धंद्याचा लहान वाटा आहे, पण बोलणी सगळी त्याचीच होतात.

त्या बोलण्यांबद्दल थोडं. एका वितरकाने आग्रह धरला, "साहेब, लेबलवर पाच हजार वर्षांची अरोमाथेरपी असं टाका की, माल उठतोय." आम्ही टाकलं नाही. अरोमाथेरपी हे नावच १९३७ सालचं आहे. फ्रान्समधले रसायनशास्त्रज्ञ रेने-मॉरिस गॅटफॉसे यांनी आपल्या पुस्तकाला ते दिलं. १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचे हात भाजले, जखमा सडू लागल्या, तेव्हा त्यांनी लॅव्हेंडरचं तेल वापरलं. 'हात चुकून लॅव्हेंडरच्या पिंपात बुडाला आणि बरा झाला' ही जी गोष्ट सांगतात, ती सजवलेली आहे. त्यानंतर लष्करातले डॉक्टर जाँ वाल्ने यांचं पुस्तक १९६४ मध्ये आलं, आणि मार्गरिट मॉरी यांनी तेल पातळ करून मसाजला वापरायची रीत रुजवली. आज स्पामध्ये चालतं ते बहुतेक त्यांचं.

मग आपलं जुनं काहीच नाही का? आहे, आणि भरपूर आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंध जुळवायच्या कलेवर, अख्खा अध्याय आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या सुगंधभोगाचं वर्णन केलंय, आणि कोल्हापूरचे शिलाहार त्याच घराण्याचे मांडलिक. 'गंधवाद' नावाच्या एका ग्रंथावर तर चक्क मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत बसून प. कृ. गोडे यांनी या सगळ्या सुगंधाच्या इतिहासावर लिहून ठेवलंय. पण तो आहे उटणी, धूप, लेप आणि मुखवासाचा इतिहास. आयुर्वेदातलं सिद्ध तेल म्हणजे तिळाच्या तेलात काढा आणि कल्क (औषधी वनस्पतीचा वाटलेला लगदा) घालून आटवलेलं, वाफेवर काढलेलं नव्हे. दोन्ही आपापल्या जागी चांगली, एकाच्या नावावर दुसरं विकायचं कशाला?

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो खानदेशातल्या रोशा गवताचा किस्सा. रोशेल तेलाला गुलाबासारखा वास असतो, कारण दोन्हींत जिरॅनिऑल आहे. एकोणिसाव्या शतकात ते खानदेश-निमाडातून मुंबईला, तिथून तांबड्या समुद्रातल्या बंदरांवरून कॉन्स्टँटिनोपलला जायचं आणि गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळलं जायचं. युरोपात त्याचं नाव 'टर्किश जिरेनियम ऑइल'. पिकवणार नंदुरबारचा भिल्ल, नाव तुर्काचं! गुलाबाचं एक किलो तेल काढायला तीन-चार टन पाकळ्या लागतात, तेव्हा भेसळीचा मोह का होत असेल ते कळतं. आजही 'शुद्ध गुलाब तेल' दोनशे रुपयांना कुणी देत असेल तर नमस्कार करून पुढे जावं.

उपयोगांचं म्हणाल तर काउंटरवर सौ. बसते आणि ती सरळ बोलते. लॅव्हेंडरने काहींना शांत वाटतं, झोपेआधी बरं वाटतं. पेपरमिंटच्या कॅप्सूल पोटाच्या मुरड्यावर डॉक्टर देतात, पण त्या वेगळ्या आवरणाच्या असतात, बाटलीतलं तेल प्यायचं नाही. गवती चहाचं तेल फरशीच्या पाण्यात घाला, डास थोडा वेळ लांब राहतील. अंगाला लावायचं तर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन टक्क्यांच्या आसपास, नुसतं कधीच नाही. बर्गमॉटचं (एका लिंबूवर्गीय फळाचं) तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजते. निलगिरी आणि कापराचं तेल तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ नको, आणि पोटात गेलं तर मूल थेट दवाखान्यात न्यायचं. "मधुमेहावर कुठलं वहिनी?" असं विचारणाऱ्याला ती डॉक्टरकडेच पाठवते. १९५४ च्या कायद्यानेही मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करता येत नाही, पण कायदा नसता तरी तिचं उत्तर तेच असतं. दोन वितरक यामुळे सुटले. निलगिरी, लवंग असा किरकोळ माल आम्ही बाहेरून घेतो, तपासून भरतो, आणि तसं बाटलीवर लिहितो.

२०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, भरलेले कॅन शेडमध्येच अडकले. २०२१ ला पुन्हा तेच. नदीकाठचा ऊस पाण्याखाली कुजला, माळावरचं गवत मात्र उभं राहिलं. त्यानंतर गवती चहाची चौकशी करायला माणसं आपणहून येऊ लागली. त्यातल्या बऱ्याच जणांना आम्ही आधी भांडं कुठं आहे ते विचारा, मग लावा असं सांगतो. जवळ भांडं नसेल तर ओलं गवत वाहून नेण्यातच पैसे संपतात. म्हणून आता आण्णांच्या जुन्या शेडमध्ये धाकटा भाऊ ट्रॉलीवरचं भांडं करतोय, ट्रॅक्टरला जोडून बांधावर न्यायचं.

यंदा दवणा लावलाय. दवण्याच्या तेलाला परदेशी अत्तरवाले चांगला भाव देतात, आणि आजवर ते मुख्यतः कर्नाटक-आंध्रातून जातं. पीक थंडीतलं, फुलोऱ्यात आल्यावर कापायचं. अडचण एकच आहे. उशिरा लावलेला दवणा तयार होतो तो नेमका जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या तोंडावर, आणि दवणा देवाला वाहतात म्हणून त्या दिवसांत जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, जुडीला जो भाव मिळतो तो बघून शेतकरी भांड्याकडे फिरकणार नाही. त्यामुळे यात्रेचा माल त्यांनी डोंगरावर न्यावा आणि लवकर लावलेला आमच्याकडे आणावा, असं ठरलंय.