दहा माणसांचं जेवण सोपं, गच्चीची किल्ली अवघड

स्वयंपाकाचं टेन्शन घेऊच नका. लातुरात दहा माणसांचं जेवण करणं ही काही मोठी गोष्ट नाही. मोठा प्रश्न असतो तो माणसं बसवायची कुठे हा.

आमचं घर वन आरके. खोलीत दिवाण, कपाट आणि स्वयंपाकघरात मावला नाही म्हणून बाहेर आलेला फ्रिज. चौघं मांडी घालून बसले की फ्रिजचं दार उघडत नाही. मी शिकवते त्या क्लासमधल्या मैत्रिणी, त्यांचे नवरे, असे मिळून दहा जण यायचे होते. म्हणजे गच्चीशिवाय इलाज नव्हता.

गच्चीला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरी काकांकडे. "कोण कोण येऊलालेत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग म्हणाले, अर्ज द्या. तारीख, वेळ, कारण सगळं लिहून दिला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून तो सावकाश वाचला, घडी घालून माझ्या हातात परत ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही भाडेकरू. अर्ज मालकाचा लागतो."

घरी येऊन नियम पाहिला आणि जास्तच चिडले, कारण काका बरोबर होते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत लेखी अर्जावर गच्ची तात्पुरती वापरायला देण्याची सोय आहे, पण ती सभासदाला. आम्ही दर महिन्याला मेंटेनन्स भरतो, जिना चढतो-उतरतो, गणपतीची वर्गणी देतो, तरी सभासद नाही.

आमचे मालक पुण्याला. बिचाऱ्यांनी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर "माझी हरकत नाही" असं लिहून पाठवलं. काका म्हणाले, मेसेज चालत नाही, सहीचा कागद पाहिजे. मालकांनी सही केलेल्या कागदाचा फोटो पाठवला, आम्ही प्रिंट काढून नेली. "ओरिजिनल?" आता ओरिजिनल पुण्याहून ट्रॅव्हल्सनं मागवू का, असं अगदी तोंडावर आलं होतं. नवऱ्यानं कोपर मारलं म्हणून गप्प बसले.

शेवटी प्रिंट चालली, पण चेअरमनची सही हवी. चेअरमन उदगीरला लग्नाला. परत आले तर म्हणतात, "सेक्रेटरींची झाली की मी करतो." सेक्रेटरी म्हणतात, "चेअरमनची झाली की मी करतो." दोघं एकाच जिन्यावर समोरासमोर राहतात. मी त्या दोन दारांच्या मधे कागद घेऊन उभी होते आणि दोन्हीकडून टीव्हीवर एकच मालिका ऐकू येत होती.

आणि या सगळ्या दिवसांत गच्चीवर कुरडया वाळत होत्या. प्लास्टिकचा मोठा कागद, चार कोपऱ्यांना चार विटा, वरून जुनी ओढणी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या. तुमच्याकडे किल्ली कशी, असं विचारलं तर म्हणाल्या, "अगं, आम्ही पहिल्यापासून राहतो इथं." झालं! तोच आमचा अर्ज. काकूच खाली गेल्या आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, "लेकरं जेवणार हायत, काय मांडव घालणार हायत का?" संध्याकाळपर्यंत दोन्ही सह्या झाल्या. अटी मात्र खाली लिहून आल्या: रात्री दहाच्या आत आवरायचं, स्पीकर नाही, शेगडी वर न्यायची नाही कारण वॉटरप्रूफिंग केलंय, आणि 500 रुपये अनामत. उघड्यावरचा स्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा कायद्यानंच बंद असतो आणि आम्हाला तो नकोच होता, पण अट ती अट. नवीन घर भाड्यानं घेत असाल तर भाडेकराराच्या वेळीच मालकाकडून सामायिक जागा वापरायचं संमतीपत्र सही करून घ्या. तेव्हा मालक समोरच बसलेला असतो.

जेवणाचं सांगायचं तर शेगडी वर नेता येत नसेल तर भाकरीचा नाद सोडा. एकेक भाकरी खालून गरम नेत बसलं तर बाई जिन्यातच राहते. धपाटे करावेत. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, थोडी कणीक, दह्यात मळलेले. दुपारी करून फडक्यात गुंडाळले तरी रात्री मऊ राहतात. सोबत दही, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत आणि येसर आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ. घरात येसराचा डबा असला की आमटी अर्ध्या तासात होते, फक्त पातळ ठेवा. उतरवल्यावर ती दाट होतच जाते आणि गच्चीवर पोचेपर्यंत पिठलं होतं. भात कुकरसकट वर नेला. गोड पदार्थ पाहुण्यांवर सोपवला, कुणीतरी विचारतंच "काय आणू?"

पाण्याचा हिशेब मात्र आधी करा. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आहे हे, नळाच्या भरवशावर इथं कुणी पंगत मांडत नाही. पत्रावळी-द्रोण आणले म्हणजे भांड्यांचं पाणी वाचलं. प्यायला वीस लिटरचे थंड पाण्याचे जार सांगितले. जारवाला वर चढवणार का ते आधीच बोलून घ्या, नाहीतर तो खालीच ठेवून गाडी काढतो. हो, आणि गच्चीची फरशी उन्हाळ्यात आठ वाजेपर्यंत तापलेली असते. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून दिवस मावळताना शिंपडलं, मग सतरंज्या टाकल्या. बिछायतवाला थोड्या मालासाठी फोन उचलत नाही, सतरंज्या शेजाऱ्यांकडूनच गोळा केल्या. दिव्याची वायर काकूंच्या खिडकीतून घेतली.

लोक पोटभर जेवले, धपाटे एकही उरले नाहीत. साडेनऊला सेक्रेटरी काका "सहज" वर येऊन फरशी बघून गेले. दहाच्या आत झाडून-पुसून किल्ली परत दिली. अनामत अजून मिळालेली नाही. काका जिन्यात भेटले की म्हणतात, "मीटिंगमध्ये विषय घेतो." मीटिंगला बसायचा हक्क अर्थातच मालकाला आहे.