कपाटाच्या दाराआतला कागद

25 जुलै, रात्री साडेदहा

आज संत याकोबाचा सण. सकाळपासून पाऊस धो धो कोसळतोय. चर्चमधली मिस्सा आटोपून आई भिजतच माझ्याकडे आली, अंग पुसायला टॉवेल काढायला म्हणून तिने कपाट उघडलं, आणि दाराला आतून चिकटवलेला कागद तिला दिसला. चौकोनी रकाने, ठिपके, ठिपक्यांना जोडणारी रेघ. खाली माझ्या अक्षरात: कोरडं, चिकट, ओलं, ताणणारं.

"हे काय गं? पोरीच्या शाळेचं?"

मी सांगितलं, मूल राहण्याचे दिवस ओळखून तेवढे टाळायचा हा आमचा तक्ता. आईशी या विषयावर जन्मात पहिल्यांदा बोलले.

पहाटे नवरा फुलं घेऊन दादरला निघतो. निघण्याआधी मला हलवून थर्मामीटर हातात देतो आणि आकडा तोच लिहितो. स्त्रीबीज सुटलं की अंग किंचित तापतं, अर्ध्या डिग्रीहूनही कमी (सेल्सिअसमध्ये). आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरचे असे सलग तीन ठिपके दिसले की ते दिवस सरले असं आम्ही धरतो. त्याआधीची खूण योनीतल्या स्रावाची. तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, ताणला जाणारा झाला की दिवस सुपीक. बीज जेमतेम एक दिवस टिकतं, पण पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं, म्हणून थांबायचं ते आधीपासून. गेल्या महिन्यात मला ताप आला आणि सगळी रेघच बिघडली. तेव्हा आम्ही सरळ थांबलो. त्याचा त्रास होतो, दोघांनाही होतो. तो होत नाही असं चर्चच्या विवाहपूर्व शिबिरात कुणी सांगू नये.

आई सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आणि तो लिहितो? रोज?" तिचं तिथेच अडलं.

मग तिने तिचं सांगितलं. माझा जन्म झाला, मी तिसरी. दवाखान्यात डॉक्टरांनी नसबंदीच्या ऑपरेशनचं विचारलं, आजीने मान डोलावली, आईचा अंगठा नव्हे, सही घेतली. ती सातवी शिकलेली होती, सही तिला येत होती, हे तिने दोनदा सांगितलं. बाबांना विचारलं, पण त्यांना कुणी काही करायला सांगितलं नाही. चर्चला हे मान्य नाही, म्हणून पुढे कितीतरी रविवार ती मिस्सेत कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठली नाही. डोकं दुखतं म्हणायची. मला ते डोकं आठवतं. शेवटी धीर करून पापनिवेदन केलं तेव्हा फादरांनी तिला मायेने शांत केलं. पण मधली ती वर्षं तिने एकटीने काढली.

हाच दिवस, 25 जुलै. 1968 साली याच तारखेला पोप सहावे पॉल यांनी संततिनियमनावरचं पत्र दिलं: गोळ्या नकोत, साधनं नकोत, नसबंदी नको; गंभीर कारण असेल तर निसर्गाने दिलेले वांझ दिवस पाहून अंतर ठेवता येईल. त्याआधी 1966 मध्ये त्यांच्याच आयोगातल्या बहुसंख्यांनी नियम सैल करावा असं सुचवलं होतं. पोपनी ते मानलं नाही. 1964 च्या डिसेंबरात हेच पोप मुंबईला आले तेव्हा माझी आजी ओव्हल मैदानावर गेली होती, आठ लेकरांची आई. तिच्यापर्यंत त्या पत्रातलं 'नको' तेवढं पोचलं. आईपर्यंतही तेवढंच.

मी त्या शिकवणुकीवर मनापासून विश्वास ठेवते. मैत्रीण विचारते, मूल नकोच आहे ना, मग कसं टाळलं याने काय फरक पडतो? मला फरक पडतो. सासरे अंथरुणाला खिळलेत, म्हणून आम्ही तिसरं थांबवलंय. नवा कागद चिकटवताना दर महिन्याला आम्ही एकमेकांना विचारतो, ते कारण अजून खरं आहे का? एकदा सोय लावून टाकली असती तर हा प्रश्न आम्ही पुन्हा काढला नसता. स्वतःला तरी मी ओळखते.

पण विश्वास आहे म्हणूनच राग येतो. मेलबर्नमध्ये डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी 1953 पासून स्रावाच्या खुणांचा अभ्यास केला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत चाचणी घेतली, त्यात आपलं बंगळूर होतं. 90 टक्क्यांहून जास्त बायकांना पहिल्याच चक्रात आपली खूण ओळखता आली. शिकवलं म्हणून आली. आणि त्या चाचणीत जे गर्भ राहिले ते बहुतेक नियम मोडल्यामुळे, म्हणजे दोघांचं एकमत लागतंच. मग आमच्या विवाहपूर्व शिबिरात याला मिळाला जेमतेम पाऊण तास का? तोही जेवणाआधीचा, आणि मुलगे बाहेर व्हरांड्यात. मी नंतर एका सिस्टरांकडे सहा महिने जाऊन शिकले, नवरा सोबत आला म्हणून निभावलं.

आई बराच वेळ त्या ठिपक्यांवर बोट फिरवत होती. "मला हा कागद कुणी दाखवलाच नाही गं," एवढंच म्हणाली.

फादरांनी पुढच्या शिबिरात मला बोलायला सांगितलंय. पाऊण तासात होणार नाही, तीन बैठका द्या आणि मुलग्यांना आत बसवा, असं उद्या त्यांना सांगणार आहे. माझे जुने कागद नेईन, बिघडलेल्या रेघेचासुद्धा. आईला म्हटलं, तूही चल.

चहाचा कप खाली ठेवत ती म्हणाली, "बाप्ये बसणार असतील तर येते."