शेवटी पीएस ३ (सोनीचा प्लेस्टेशन ३ गेम कन्सोल) आणला
फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडी (डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राची, ब्लू-रेला टक्कर देणारी डिस्क) बंद करतोय म्हणून जाहीर केलं तेव्हा वाटलं चला, भांडण मिटलं, आता बिनधास्त ब्लू-रे घ्यायचा. इथे न्यू जर्सीत एका दुकानातून प्लेयर आणला (कंपनीचं नाव नाही लिहीत) आणि डोक्याला ताप सुरू झाला. डिस्क टाकली की नुसतं लोडिंग, चहा गाळून कपात ओतून परत आलं तरी तेच, मग पिक्चर लागला की मध्येच अडकायचा, रिमोटचं एक बटण चालेना, सरळ प्लग काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. फर्मवेअर (प्लेयरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं तर नेटची केबल लावायला जागाच नाही, लॅपटॉपवर सीडी बर्न करत बसा! वर प्रोफाईल १.० चा (ब्लू-रे प्लेयरची सगळ्यात पहिली पातळी), म्हणजे बीडी-लाईव्ह (डिस्कसोबत नेटवरून मिळणाऱ्या जादा गोष्टी) कधीच नाही.

पंधरा दिवसांत परत केला.

मग पीएस ३ घेतला, त्यावर ब्लू-रे पण चालतात. गेम आमच्याकडे कोणी खेळत नाही, पण डिस्क पटकन सुरू होते, वायफायवरून अपडेट होतो आणि मार्चच्या २.२० अपडेटने प्रोफाईल २.०, म्हणजे बीडी-लाईव्ह पण मिळालं. नेहमीच्या रिमोटला लागतं ते इन्फ्रारेड नाही म्हणून ब्लूटूथ रिमोट वेगळा घ्यावा लागला, तेवढं खटकलं. जुन्या डीव्हीडी मात्र यावर काय सुरेख दिसतात!