पुन्हा कोरड्याच मुलखात का?

दुष्काळाला कंटाळून बीड सोडलंत आणि राहिलात कुठे, तर अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या गार्डन सिटीत? तुम्ही विचारलंत म्हणून, आणि गेली अठरा वर्षं विचारताय म्हणून, एकदाचं लिहितो.

पश्चिम कॅन्सस ओसाड नाही. झाडं नाहीत, एवढंच. बोटभर उंचीचं बफेलो गवत, नदीच्या दक्षिणेला वाळूच्या टेकड्या, पाऊस झाला की भरणारी प्लाया नावाची उथळ तळी, लांबवर एखादी पवनचक्की आणि तिच्या पायाशी गुरांचं टाकं. मला हा मुलूख मनापासून आवडतो. पाऊस साधारण ४८० मिलिमीटर, आमच्या बीडपेक्षाही कमी. तरी मक्याची हिरवी वर्तुळं दिसतात, ती ओगलाला नावाच्या जमिनीखालच्या प्रचंड जलसाठ्यावर. ते उपसलेलं पाणी शेतात गोल फिरत शिंपडणारे लांब नळांचे सांगाडे, म्हणजे पिव्होट, मी बसवतो. माझा पगार त्याच पाण्याचा.

आई आली तेव्हा म्हणाली, नदी दाखव. अर्कान्सा नदी; इथले लोक तिला अर्कॅन्झस म्हणतात. पुलाखाली नुसती वाळू आणि गाड्यांच्या चाकोऱ्या. आई पदर खोचून पात्रात उतरली, बसली आणि दोन्ही हातांनी वाळू उकरायला लागली. बहात्तरच्या दुष्काळात ती सिंदफणेत असाच झिरा काढायची, वाटी वाटी पाण्यानं हंडा भरायची. हात कोपरापर्यंत आत गेला. कोरडी वाळू पुन्हा खड्ड्यात घसरत राहिली.

"ओल बी नाही रे. बहात्तरला बी हातभर खाली ओल लागायची."

गाडीत मी बोलत सुटलो. नदी जिकडून येते त्या कोलोरॅडो राज्यानं पाणी अडवलं, कॅन्ससनं १९८५ साली खटला भरला, १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की त्यांच्या विहिरी नदीचं पाणी ओढतात. आई नखांतली वाळू काढत होती. म्हणाली, "आन् तुमच्या विहिरी?"

मी विषय बदलला. भूजल पात्राच्या खाली गेलं की वरून आलेली नदीही वाळूतच मुरते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी नाही बसवले तर दुसरा कोणी पिव्होट बसवेल, असं मी तेव्हा म्हणायचो. ते आजही खोटं वाटत नाही, आणि पुरेसंही वाटत नाही.

हल्ली मी जमिनीलगत पाणी सोडणारे नोझल बसवतो, वाफ कमी होते. पण वाचलेल्या पाण्यावर पुष्कळदा आणखी मकाच घेतला जातो. म्हणून आईला हेही उत्तर अजून दिलेलं नाही.